जोडावरचं कुंकू

मी स्टेनलेस स्टीलचा एक डबा आहे. डबा म्हटल्यावर हसू नका, मित्रांनो. माझी उंची दोन माणसांहून जास्त आहे आणि माझ्या पोटात अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन आहे. ते हजारो वर्षं घातक राहणार, म्हणून मला जमिनीखाली खोल खडकात ठेवायचं ठरलं होतं.

माझा आराखडा अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या शोभनाकाकूंनी केला. अकरा वर्षं त्या माझ्यासाठी आकडेमोड करत होत्या. कारखान्यात माझ्या अंगावरच्या वेल्डिंगच्या उभ्या जोडाचे त्यांनी तीनदा एक्स-रे काढून घेतले. मला हात लावायचा तो हातमोजे घालून, धुवायचं ते खास शुद्ध केलेल्या पाण्याने. कारण मीठ माझा वैरी. घामाचा किंवा नळाच्या पाण्याचा खारट डाग राहिला तर स्टीलला हळूहळू तडा जाऊ शकतो.

आणि त्याच काकूंनी दसऱ्याला माझी पूजा केली! उघड्या बोटाने हळदकुंकू लावलं, तेही नेमकं त्या जोडावर.

"शोभना, हे काय यार! रूल्स तूच लिहिलेस ना?" तपासणी करणारे गिरीशकाका म्हणाले.

"अरे, अकरा वर्षांचं काम आहे. एक बोट कुंकू. पुसते लगेच."

त्यांनी रुमाल नळाखाली ओला करून मला पुसलं. गिरीशकाकांनी रिपोर्ट लिहायला पेन काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. "जाऊ दे. उगाच तुझं नाव यायचं."

मला तर तेव्हा कौतुकच वाटलं. किती मूर्ख होतो मी!

पुढे मला भरलं आणि झाकण कायमचं वेल्ड केलं. पण जमिनीखालची जागा तयारच झाली नाही. कुठल्याच गावाला मी नको होतो. शेवटी काँक्रीटच्या जाड कवचात घालून मला वीजकेंद्रामागे उभं केलं. नऊ हिवाळे झाले. बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाची धूळ कवचाच्या हवेच्या झरोक्यांतून माझ्यापर्यंत येते. तडा गेलाय का? माझं मलाच कळत नाही. भीतीने जीव नकोसा होतो आणि ओरडायला तोंड नाही.

गेल्या महिन्यात, निवृत्त झालेल्या काकूंनी स्वतःहून वीजकेंद्राला सगळं कळवलं. मग झरोक्यातून कॅमेऱ्याचा छोटा रोबो आत सोडला. बाहेर काकू आणि गिरीशकाका स्क्रीनकडे बघत होते. रोबो सरकत सरकत आला आणि अडकला.

"किती राहिलं?"

"वीतभर. पुढे जातच नाहीये."

"पुश कर ना, गिरीश, प्लीज!"

"फोर्स केला तर स्क्रॅच पडेल, शोभना. स्टॉप करावं लागेल."

रोबो मागे गेला. जोड तपासल्याशिवाय मला इथून हलवणार नाहीत, आणि जोड तर दिसत नाही. उद्या खडकात जागा झाली, तरी मी इथेच. काकूंनी कवचाला कपाळ टेकलं आणि त्या हुंदके देऊन रडल्या. गिरीशकाका खिशातल्या पेनाशी चाळा करत राहिले.

मित्रांनो, हातून चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. त्या दसऱ्याला मी रिकामा होतो. मला धुवायला दहा मिनिटं लागली असती.