लंगडं कोकरू

मायाप्पाला खुर्ची दिली होती, आणि तेच त्याला पहिल्या दिवसापासून डाचत होतं.

बाकी बावीस जण जमिनीवर, हिरव्या-जांभळ्या चटयांवर. कुणी एका पायावर उभा, कुणी डोकं खाली घालून पाय आभाळाला लावलेला. आणि सगळ्यांच्या मागे, परीक्षेला पहारा देणाऱ्या मास्तरासारखा, प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्चीत मायाप्पा. अंगावर काळं घोंगडं, डोक्याला लाल फेटा, आणि उजव्या गुडघ्याला सुनेने बांधलेला निळा पट्टा.

"आबा, तुम्ही खुर्चीतच बसून नुसता श्वास घ्या हं," योग शिकवणाऱ्या मेधाताई म्हणाल्या.

"श्वास मी एकाहत्तर वर्सं घेतोय बाई," मायाप्पा म्हणाला. "त्याला खुर्ची कशाला लागतीया?"

पुढच्या रांगेत नीलांबरीचे खांदे हसण्याने गदगदले आणि ती एका पायावरून कोलमडली. ही त्याची सून. खरं तर शिबिरातली ही जागा मायाप्पाच्या मुलासाठी, हरिहरसाठी घेतलेली. पण इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनच्या कंपनीत त्याचं कसलंसं यंत्र ऐन वेळी रुसलं, त्याची सुट्टी गेली, आणि जागा वाया नको म्हणून हरिहरने गावाहून आलेल्या बापालाच गाडीत बसवलं. "आबा, तिथं मोकळा माळ आहे. तुम्हाला आवडेल."

माळ आवडला, यात खोट नाही. ड्रेन्ट प्रांतातलं ते रान सपाट, भाकरी थापल्यासारखं. मधूनमधून पाइनची झाडं, आणि लांब तारेच्या कुंपणाआड मेंढरं. चक्क मेंढरं! ती दिसली तेव्हा मायाप्पा गाडीतूनच ओरडला होता, "थांबव गं, थांबव!" आणि मग कुंपणाशी पाव तास उभा राहून एकेकीचे पाय न्याहाळत होता. आटपाडीहून कोकणापर्यंत आणि कोकणातून परत, अशी चाळीस वर्षं त्याने मेंढरांमागे पायपीट केलेली. डोक्यावर छप्पर म्हणाल तर घोंगडं.

शिबिराच्या कमानीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'योग आणि साहस : भटक्या गरुडशिकाऱ्यांच्या सहवासात तीन दिवस.' भटके म्हणजे एकटा सेरिक. हा मंगोलियातला कझाक माणूस, गरुडाकडून शिकार करवणाऱ्यांतला. बायको इथली, त्यामुळे आता हूफडॉर्पला राहायचा आणि भटकायचा तो आपल्या व्हॅनमधून. पण पक्षी मात्र खरा. सहा वर्षं हातावर वाढवलेली गरुडीण, तपकिरी, मानेवर सोन्याची झाक, पंख पसरले की उंच पुरुष आडवा मावेल एवढे. डोळ्यांवर कातड्याचं इवलंसं टोपडं.

मायाप्पाने तिला पाहिलं आणि तो खुर्चीसकट वीतभर मागे सरकला.

"काय झालं आबा?"

"वळखीची हाय," तो दात दाबत म्हणाला. "हिच्या जातीनं माझी सात कोकरं नेलीत."

तिसऱ्या दिवशी मौन होतं. सूर्य मावळेपर्यंत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत, कुणी एक अक्षर बोलायचं नाही, असा मेधाताईंचा कडक नियम. मायाप्पाला त्याचं काही वाटलं नाही. मेंढरांमागे दिवसच्या दिवस बोलायला असतं कोण? त्रास झाला तो इतरांना. उइटहॉर्नचे सुबोधराव तर मीठ मागायला असे हातवारे करत होते की लोकांना वाटलं ते बुडतायत.

दुपारी चारला सेरिक गरुडीण उडवणार होता. सगळे ओळीने गप्प उभे. सेरिकने टोपडं काढलं, पक्षी माळावरच्या एकुलत्या टेकाडावर ठेवला, इकडे आला, मांसाचा तुकडा धरलेला हातमोजा उंच केला आणि हाळी दिली, "हूऽऽकाऽऽ!"

गरुडीण निघाली. पंख न हलवता, जमिनीला चाटत, बाणासारखी. सेरिक उभा होता तो कुंपणाच्या अल्याड. पल्याड मेंढरं, त्यात आठ-दहा कोकरं. मायाप्पाला सेरिक दिसला नाही, हातमोजाही दिसला नाही. त्याला गरुड दिसला आणि कोकरं दिसली. बस्स! पुढचं सगळं त्याच्या हातापायांनी परस्पर केलं. खुर्ची उलटली, फेटा डोक्यावरून हातात आला, त्याचं टोक डोक्याभोवती गोफणीसारखं गरगरलं, आणि मावळायला पाच तास बाकी असलेल्या त्या मौनात, चाळीस वर्षं माळ हादरवणारी आरोळी फुटली:

"हुर्रऽऽ हाऽऽ! हाऽऽल्या हाऽऽ!"

बावीस माणसं जागच्या जागी उडाली. गरुडीण हातमोज्यापासून दोन हातांवर होती. ती हवेतच गर्रकन वळली, वर गेली, आणखी वर गेली, आणि कुंपणापलीकडच्या सगळ्यात उंच पाइनच्या शेंड्यावर जाऊन बसली.

मायाप्पाच्या हातातला फेटा हळूहळू खाली आला. सेरिकने वळून पाहिलं. रागाने नाही, आणि तेच जास्त लागलं. सकाळी चहाच्या कपाकडे पाहावं आणि कप नसावा, तसं त्याने आपल्या रिकाम्या हातमोज्याकडे पाहिलं.

मग हाका सुरू झाल्या. एक तास गेला, दोन तास गेले. सेरिक मांस दाखवायचा, गरुडीण मान तिरकी करून बघायची आणि जागची हलायची नाही. तिच्या पायाला यंत्र बांधलेलं होतं. ती कुठे आहे ते यंत्र अचूक सांगत होतं; झाडावर आहे हे सगळ्यांना दिसतच होतं. तिला खाली कसं आणायचं, ते त्यात नव्हतं.

नीलांबरी सेरिकशी इंग्रजीत कुजबुजून आली. तिचं तोंड उतरलं होतं.

"आबा, तो म्हणतो, तिने आज काही खाल्लेलं नाही. हातमोज्याला आता भ्यायलीय. अंधार पडायच्या आत भूक अनावर झाली की ती समोर दिसेल त्यावर उतरेल."

"म्हंजी कोकरावर."

"हो. आणि कोकरू मारलं तर इथली गेमेन्टे, म्हणजे नगरपालिका, त्याची परवानगी काढून घेईल. गरुडीणही जाईल."

मायाप्पाने झाडाकडे पाहिलं, मेंढरांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा गरुड आणि कोकरू दोघांचं बरं व्हावं असं त्याला वाटत होतं, आणि दोघांच्या मुळावर तोच आला होता.

"ह्याच्याकडं आमिष न्हाय? सरपटवायला काही?"

नीलांबरीने सेरिकला विचारलं. सेरिकने मेधाताईंकडे बोट केलं.

मेधाताई लाल झाल्या. मौन होतं, पण आता मोडून मोडून काय मोडायचं राहिलं होतं? "कोल्ह्याचं कातडं होतं त्यांच्याकडे," त्या पुटपुटल्या. "मीच म्हटलं, सात्त्विक जागा आहे, घरी ठेवून या."

"झ्याक!" मायाप्पा म्हणाला. "मी वरडलो, तुमी कातडं घालवलं. आता दोघं मिळून निस्तरू." आणि त्याने खांद्यावरचं घोंगडं काढलं, त्याची गुंडाळी केली आणि तिला लाल फेट्याचं एक टोक घट्ट बांधलं.

"आबा, त्याच फेट्याला तर ती भ्यायली!"

"डोक्यावर फिरला म्हणून भ्यायली. भुईवर सरपटलं ते तिला घास वाटतं." फेट्याचं दुसरं टोक त्याने कमरेला बांधलं. मग गुडघ्याचा निळा पट्टा सोडला आणि सुनेच्या हातात दिला.

"अहो, पट्टा कशाला काढताय? लंगडाल ना!"

"मग? धडधाकट कोकरावर गरुड कवाच जात न्हाय, पोरी. शंभरातलं लंगडं एक बरोबर हेरतो. माझी सातही लंगडीच गेली." तो हसला, आणि तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याचे पुढचे दोन दात दिसले. "ह्या बाई तीन दिस माझी चाल सुधरायच्या मागं लागल्यात. बरं झालं सुधरली न्हाय."

तो निघाला. एक पाय टाकला की दुसरा ओढायचा, आणि नऊ हात मागे घोंगड्याची गुंडाळी तशीच उचकायची. टुणूक, फरफट. टुणूक, फरफट. झाडावर मान वळली. पण तेवढंच.

मायाप्पा थांबला. कपाळावर हात मारून घेतला. "अरं, मुकं कोकरू कुठं असतं का? तुमी सगळी काय दगडं हायसा? वरडा की!"

"काय ओरडायचं?" सुबोधरावांनी विचारलं.

"बें!"

ओळीत दोन डॉक्टरेट, एक बँकेतले बडे अधिकारी, आणि बाकीचे सगळे इंजिनियर. मग सगळ्यात आधी, डोळे मिटून, दोन्ही हात पोटावर ठेवून, ओंकाराच्या पट्टीत मेधाताईंनी लावलं: "बेंऽऽऽ!"

त्यानंतर कुणाला आवर राहिला नाही. पुणेरी बें, नागपुरी बें, सुबोधरावांचं घशात अडकलेलं डच बें. नीलांबरी गुडघ्यावर बसून, पट्टा हातात, पोट धरून बें बें करत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. कुंपणापलीकडच्या खऱ्या मेंढरांनी माना वर केल्या, एकमेकींकडे पाहिलं आणि उत्तर दिलं. सगळा माळ बेंबाटला. त्याच्या मधोमध एकाहत्तर वर्षांचा मायाप्पा, टक्कल उघडं, टुणूक-फरफट करत धावत होता. धावत होता! दहा वर्षांत तो असा धावला नव्हता.

शेंड्यावरची फांदी हलली.

"आली!" सेरिक ओरडला. तो कझाकमध्ये ओरडला, पण सगळ्यांना समजलं.

मायाप्पाने मागे वळून पाहिलं नाही. पाठीमागे वारं फाटल्याचा आवाज झाला, तो त्याच्या ओळखीचा होता. त्या आवाजाला पूर्वी तो गोफण उचलायचा. आज त्याने पाय आणखी लंगडा केला. धप्पकन गुंडाळीवर काहीतरी आदळलं, कमरेला हिसका बसला आणि मायाप्पा पाठीवर, दोन्ही पाय वर, मेधाताईंना तीन दिवसांत कुणाकडून जमवून घेता आलं नव्हतं अशा आसनात पडला.

घोंगड्यावर पंख पसरून गरुडीण उभी होती, चोच उघडी, जिंकल्याच्या तोऱ्यात. सेरिक हळूहळू वाकत आला, मांस पुढे केलं. तिने एकदा लोकरीकडे पाहिलं, एकदा मांसाकडे, आणि पाऊल उचलून हातमोज्यावर ठेवलं. सेरिकने तिच्या पायातल्या वाद्या बोटांत धरल्या आणि मग कुठे श्वास सोडला.

सगळे ओरडत धावले. सेरिकने हातानेच त्यांना थांबवलं. त्याने मायाप्पाला उठवून बसवलं, व्हॅनमधून दुसरा हातमोजा आणून त्याच्या हातात चढवला, आणि काही न विचारता गरुडीण त्यावर ठेवली.

मायाप्पाचा हात खाली गेला, मग सावरला. वजन ओळखीचं होतं. नुकत्याच जन्मलेल्या कोकराएवढं, ना कमी ना जास्त.

"अगं बये," तो तिच्या पिवळ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "स्वतःच्या वजनाएवढं वझं घेऊन उडायचीस व्हय गं? आणि मी समजत होतो तुला फुकटचं मिळतंय."

गरुडीण त्याच्या टकलाकडे पाहत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या आधीच्या शेवटच्या वर्गाला, पांढरी खुर्ची नव्हती. मेधाताईंनी ती स्वतः आत नेऊन ठेवली होती. त्यांनी हात जोडून मायाप्पाला पुढे उभं केलं आणि त्याच्यामागे बावीस जण माळावरून लंगडत निघाले, एक पाय टाकून दुसरा ओढत, मनापासून, चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. सुबोधराव पायाचा कोन विचारत होते. नीलांबरी हरिहरला दाखवायला फोनवर चित्रण करत लंगडत होती.

व्हॅनपाशी सेरिकच्या हातावर गरुडीण उघड्या डोळ्यांनी हे सगळं बघत होती. एवढी लंगडी, एवढी धष्टपुष्ट, एकाच माळावर! तिची मान इकडून तिकडे, तिकडून इकडे. पंख जरा सैलावले.

सेरिकने घाईघाईने टोपडं चढवलं.