चोविसावं चित्र

तोंडाची वाफ सोडून पाहिल्याशिवाय सेल स्वच्छ झाला की नाही हे कळत नाही. किनुएला हे कुणी शिकवलं नव्हतं, सात वर्षांत अंगवळणी पडलं होतं. सेल म्हणजे सेल्युलॉइडचा पातळ, आरपार दिसणारा ताव. चित्रकारांनी त्यावर एका बाजूनं टाकानं रेषा काढायच्या, दुसऱ्या बाजूनं रंग भरायचा, कॅमेऱ्याखाली एकेक ताव ठेवून फोटो घ्यायचा, आणि काम संपलं की गठ्ठा किनुएच्या टेबलावर आणून आदळायचा. ती तो कोमट पाण्यात, मग सौम्य ॲसिडात बुडवी, फडक्यानं पुसे, बांबूवर चिमटे लावून वाळत घाली. वाळला की तोंडाजवळ धरून हळूच ‘हा’ करी. तावावर वाफ सारखी बसली तर स्वच्छ. कुठे रंगाचा तेलकट डाग राहिला असेल तर वाफ तिथेच अडे.

तो १९४४ सालचा हिवाळा होता. ज्या मालातून सेल्युलॉइड होतं त्यातूनच बंदुकीची दारूही होते, त्यामुळे नवे ताव मिळणं जवळजवळ बंद झालं होतं. क्योतोच्या कितानो भागातल्या त्या लहानशा चित्र-कारखान्यात दोन हजार जुने ताव होते आणि सगळं जग त्याच दोन हजारांवर काढायचं होतं. आज ज्या तावावर सशाचा कान, त्याच्यावर आठवड्यानं ढग. पुढच्या आठवड्यात विमानाचा पंखा. नौदलाला सशांची चित्रं हवी होती, विमानं दुरुस्त करणाऱ्या हसऱ्या सशांची. युद्ध हरायला लागलं की ससे जास्त हसवावे लागतात, असं कॅमेरावाले ओनोदेराकाका म्हणत, पण दार लावून.

ओनोदेराकाका जुने. कागदाची माणसं कातरून काचेवर केसभर केसभर सरकवत चित्रं हलवायची, पडद्याशेजारी उभा राहून एक माणूस सगळ्यांचे आवाज काढायचा, त्या काळापासूनचे. ‘ते बरं होतं,’ ते म्हणत. ‘कागदाचा माणूस काम झालं की डब्यात झोपायचा. तुझ्या हौदात आमचे सगळे मरतात बघ.’

‘मग धुऊ नको का? उद्या ससे कशावर काढाल, माझ्या पाठीवर?’ किनुए म्हणे.

सगळे मरतात हे मात्र खरं नव्हतं. टाकाचं निब जोरात दाबलं की तावावर ओरखडा पडतो आणि शाई धुतली तरी तो राहतो. एरवी दिसत नाही. वाफ सोडली की क्षणभर उमटतो आणि विरतो. आणि कारखान्यात सगळ्यात जड हात होता तो किनुएच्या धाकट्या भावाचा, एइसाकूचा. ‘चित्र काढतोस की जमीन नांगरतोस?’ मालक त्याच्यावर ओरडत. तो मान खाली घालून तसाच दाबत राही. बावीस वर्षांचा घोडा झाला तरी ओठ मुडपून रेघ ओढायची त्याची सवय गेली नव्हती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याला सैन्याचं बोलावणं आलं. निघायच्या दिवशी अंगणात सगळ्यांनी त्याला तांदळाची साके पाजली, झेंडे हलवले. किनुए आत हौदापाशी होती. तिला झेंडे बघवत नव्हते. टेबलावर एक गठ्ठा पडला होता, तिनं तो उचलला आणि धुतला. टेबलावर येईल ते धुवायचं, कुणाचं नि कशाचं ते विचारायचं नाही, हा तिथला रिवाज. शिवाय डोळ्यांत पाणी असल्यावर कोण बघतंय कशाचं चित्र आहे ते.

स्टेशनवर गाडी हलताना खिडकीतून वाकून एइसाकू म्हणाला, ‘ताई, तुझ्या टेबलावर ठेवलंय बघ. आईसाठी काढलंय. मी घरी येतोय असं. लांबून चालत चालत अगदी समोर. तेवीस झाली, चोविसावं राहिलं. नुसता चेहराच राहिलाय. तो आल्यावर काढीन, मग काकांकडून पडद्यावर लावून घेऊ.’

तेवीस आणि एक, चोवीस. पडद्यावर एक सेकंद.

किनुएनं मान डोलावली. ‘ठेवते सांभाळून,’ असंही म्हणाली. ते तेवीस ताव त्या वेळी बांबूवर निथळत होते. ही गोष्ट तिनं कुणालाही सांगितली नाही आणि त्या दिवसापासून तिला नीट झोप लागली नाही.

घरी आई रोज त्याचं ताट मांडी. विणकरांच्या त्या गल्लीत रेशीम बंद झाल्यापासून माग गप्प होते, पण जेवणवेळेला ज्या घरातला माणूस लांब गेला आहे त्या घरात एक ताट जास्तीचं मांडलं जाई. एइसाकूच्या जागेवर, तो गेला होता त्या दक्षिणेकडे तोंड करून. रताळं घातलेला भात, मुळ्याचं लोणचं, झाकण घातलेलं गरम सूप आणि वाटीपुढे आडव्या ठेवलेल्या जेवायच्या काड्या. बाकीच्यांचं जेवण झालं की झाकण उचलायचं. आतून थेंब जमले असतील तर माणूस सुखरूप. मग ते ताट घरातल्यांनीच वाटून खायचं. लहानपणी एइसाकूनं एकदा गंमत म्हणून भातात काड्या उभ्या खोचल्या होत्या, तेव्हा आईनं त्याच्या हातावर सणसणीत चापट मारली होती. उभ्या काड्या मेलेल्याच्या भातात असतात.

उन्हाळ्यात पत्रं थांबली. थेंब मात्र येत होते, झाकणाला दाटीनं चिकटलेले. आई ते दाखवून म्हणे, ‘बघ, घाम आलाय त्याला. तिकडे फार उकडतं म्हणे.’

नोव्हेंबरच्या सुरुवातीला किनुएनं एका तावावर वाफ सोडली आणि मध्यभागी नखाएवढा माणूस दिसला. टोपी, खांद्यावर पिशवी, कोपऱ्यात कोरलेला एकचा आकडा. वाफ विरली, माणूस गेला. तिनं पुन्हा ‘हा’ केलं. तो परत आला. तो जड हात तिनं लगेच ओळखला.

तिनं तो ताव लपवला. मालकांना कळलं असतं तर त्यांनी तिची सालटी काढली असती. दुसऱ्या दिवशी दोनचा ताव सापडला. तिसऱ्या दिवशी सुट्टी होती. चौथ्या दिवशी तीनचा. ती इतकी हरखली की आकड्यांचं आधी तिच्या ध्यानातच आलं नाही. सहावा हाती लागला तेव्हा मानेवर काटा आला. तो दिवसभर उतरला नाही.

तिनं ओनोदेराकाकांना सगळं सांगितलं. धुतल्याचंही सांगितलं. काकांनी सहाही तावांवर एकेक करून वाफ सोडली.

‘दोन हजारांत मिसळलेले ना हे?’

‘हो.’

‘सहा महिने सगळीकडे फिरलेले?’

‘हो काका.’

‘मग ओळीनं कसे येतील? पोरी, पत्ते पिसून ठेवले तर कधी एक्का, दुर्री, तिर्री असे निघतात का?’ ते हसायला गेले, पण त्यांना जमलं नाही. ताव तिच्या हातात परत देताना त्यांनी ते कडेनं, अगदी बोटांच्या टोकांत धरले होते.

किनुएनं त्याच संध्याकाळी आईला सांगितलं. फक्त धुतल्याचं गाळलं. ‘एइसाकूनं तुझ्यासाठी चित्र काढून ठेवलंय. घरी येतानाचं. रोज एकेक सापडतंय.’

 दुसऱ्या दिवसापासून दारात पाऊल टाकलं की प्रश्न ठरलेला. ‘आज केवढा झाला गं?’

‘बोटाएवढा.’

‘आज?’

‘वीतभर. पिशवीचा पट्टा दिसतोय.’

आई खुश होऊन मान हलवी. शेजारणीला सांगे, ‘आमचा एइसाकू निघालाय तिकडून.’ शेजारीण किनुएकडे बघे. किनुए जोडे काढत बसे.

तेराव्या चित्राच्या दिवशी झाकणावर थेंब कमी होते. किनुएला वाटलं, सूप कोमट असेल. पंधराव्याला मोजून सात. आई मागच्या दारी गेली होती, तेवढ्यात किनुएनं झाकण तोंडाजवळ धरलं आणि रोजच्या सवयीनं ‘हा’ केलं. झाकण छान ओलं दिसलं. आई आली, तिनं पाहिलं आणि ताट वाटायला घेतलं. त्यानंतर किनुए रोज तसं करू लागली. एकीकडे वाफ सोडून त्याला जवळ आणायचं आणि दुसरीकडे वाफ सोडून जिवंत ठेवायचं, असं तिचं चाललं होतं. तावावरचा माणूस जितका वाढे तितकं झाकण कोरडं पडे, हे आता तिला चांगलंच कळून चुकलं होतं. पण कळलं तरी मोह सुटत नव्हता. त्याला पाहायचं होतं. सात महिन्यांत तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

एकविसाव्या चित्रात त्याच्या कोटाचं तुटकं बटण दिसलं. ते तिनंच शिवायचं ठेवलं होतं आणि राहून गेलं होतं. त्या दिवशी झाकणाला दोन थेंब होते.

बाविसावं पाहिलं आणि तिनं ठरवलं, बस. मी वाफच सोडणार नाही. मी बघितलं नाही तर तो आहे तिथेच राहील. रस्त्यात उभा राहू दे, थंडीत राहू दे, पण राहू दे. ती न तपासताच ताव पुढे पाठवू लागली. सशांच्या नाकावर जुने डाग उठू लागले. मालक येऊन ओरडले, ‘डोळे गहाण टाकलेस का?’ तिनं माफी मागितली आणि पुन्हा तेच केलं. चार दिवस काही सापडलं नाही. चारही दिवस झाकणाला थेंब होते. थोडेच, पण आपणहून आलेले. आई विचारे, ‘आज केवढा?’ आणि किनुए सांगे, ‘आज नाही सापडला.’ त्या चार रात्री ती मेल्यासारखी झोपली.

पाचव्या दिवशी सकाळी इतकी थंडी पडली की हौदातल्या कोमट पाण्याची वाफ थेट छतापर्यंत गेली. किनुए वळली तर बांबूवर टांगलेल्या चाळीसएक तावांमधला एकच धुक्यानं भरला होता. त्यात छातीपर्यंतचा एइसाकू उभा होता. टोपीखाली चेहऱ्याची जागा मोकळी. कोपऱ्यात तेवीस. आजूबाजूचे ताव लख्ख कोरडे होते. किनुए हौदाची कड धरून उभी राहिली. ‘येऊ नकोस,’ ती म्हणाली, मोठ्यानं. ‘एइसाकू, ऐक माझं. येऊ नकोस बाळा.’

मग तिला आठवलं की चोविसावं त्यानं काढलंच नव्हतं. काढलेलंच नाही ते सापडणार कुठून? तिला एवढं हलकं वाटलं की ती खाली बसली. इथून पुढे काही नाही. तो दारापर्यंत येईल आणि थांबेल.

दुपारी बाराच्या सुमाराला ओनोदेराकाका एक पुडकं घेऊन आले. ‘बघ, नौदलानं मेहेरबानी केली. कोरे दहा ताव. पातळ कागदात गुंडाळलेत, अजून कुणी हातसुद्धा लावलेला नाही. एकदा नजरेखालून घाल, सशाच्या चेहऱ्यासाठी हवेत.’

कोऱ्या तावाला कसली भीती? तरी किनुएनं पंचा तोंडावर बांधला. वरचा कागद काढला, पहिला ताव दोन्ही हातांनी उचलून खिडकीच्या उजेडात धरला. श्वास रोखला.

तावावर वाफ धरली.

मधोमध, तोंडाएवढी. आधी तिला वाटलं आपलीच. तिनं पंच्यावरून बोट फिरवलं, तो कोरडा होता. मग तिनं तावावर बोट लावलं आणि पुसलं. वाफ पुसली गेली नाही. ती पलीकडच्या बाजूला होती. श्वास घ्यावा तशी थोडी आक्रसली, पुन्हा पसरली, आणि पसरता पसरता तिच्यात रेषा उमटल्या. जड, दाबून ओढलेल्या. भुवया, नाक, मुडपलेले ओठ. तो तिच्याकडेच बघत होता, एका हाताच्या अंतरावरून, आणि थकलेला होता. मग वाफ कडांकडून आटत गेली. सगळ्यात शेवटी ओठ राहिले, मग तेही गेले. कोपऱ्यात आकडा नव्हता.

‘काका,’ ती म्हणाली. ओनोदेराकाकांनी पाहिलं होतं. ते भिंतीला टेकले होते आणि त्यांनी हात जोडले होते.

ती तशीच ओल्या हातांनी घराकडे पळाली. जेवणवेळ होती. आई एइसाकूच्या ताटापुढे गुडघे मोडून बसली होती, झाकण अजून उचललेलं नव्हतं. किनुएनं झडप घालून ते उचललं. खालून सुपाची वाफ येत होती, पाहता पाहता तिचे हात ओलावले, पण झाकण आतून कोरडं ठाक होतं. ती पाठ फिरवून ते तोंडाशी नेऊ लागली.

आईनं तिचं मनगट धरलं.

‘पुरे आता. किती दिवस करशील?’

‘आई...’

‘तुझ्या तोंडची वाफ नि सुपाची वाफ मला ओळखू येत नाही होय? जन्म गेला माझा या झाकणांवर.’ तिच्या आवाजात राग नव्हता. ‘आला ना तो?’

किनुए खाली बसली. मग तिनं धुतल्याचंही सांगितलं, गाडीतल्या एइसाकूला मारलेली थापही सांगितली, सगळं ओकून टाकलं. आई ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं वाटीपुढच्या आडव्या काड्या उचलल्या, आपल्या पदरासारख्या रुंद बाहीला पुसल्या आणि भाताच्या मधोमध उभ्या खोचल्या. भात रताळ्यामुळे मोकळा होता, काड्या कलू लागल्या. तिनं बोटांनी भात दाबून त्या सरळ केल्या आणि पडणार नाहीत याची खात्री झाल्यावरच हात काढला.

‘केवढा दिसला?’

‘खराखुरा,’ किनुए म्हणाली. ‘होता तेवढा.’

आईनं ताट दक्षिणेकडून फिरवून दाराकडे केलं.

‘जेवलेला वाटत होता का गं?’ तिनं विचारलं.