मागून वाजवलेला खुळखुळा

मी एक जुना लाकडी खुळखुळा आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने जरा मानी आहे. पाथर्डीकडच्या एका सुताराने मला घडवले, पोटात खडे भरले आणि अंगावर लाल-हिरवे पट्टे ओढले. साळूबाईंनी मला आठवडे बाजारातून आपल्या भागवतसाठी आणले. पुढे त्याची धाकटी बहीण आरती माझ्याशी खेळली. दोघांनी चावून चावून माझा दांडा खडबडीत केला, पण माझा आवाज ऐकून रडे थांबले नाही असे कधी झाले नाही. मुले मोठी झाली आणि मी पत्र्याच्या पेटीत, जुन्या कुंचीखाली पडून राहिलो.

भागवतला मुलगी झाली तेव्हा ती पेटी उघडली. बारशाला आरती आत्या म्हणून मिरवत आली. बाळाच्या कानात तिने नाव सांगितले, "कुर्रर्र... संस्कृती!" बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. एवढा गलका झाला, तरी बाळ ढिम्म हलले नाही.

"लई गुनाचं लेकरू हाय," साळूबाई कौतुकाने म्हणाल्या. मलाही तसेच वाटले.

संस्कृती वाढू लागली. आधी हसली, मग मान धरली, मग पालथी पडू लागली. एके दिवशी तिने मला मुठीत धरून थेट तोंडात घातले आणि मी धन्य झालो. पण एक गोष्ट मला सलत होती. समोर धरले की ती खुदकन हसायची, बाजूला वाजवले की ढुंकूनही पाहायची नाही. मला रागच आला. माझा आवाज बसला, की या पोरीला माझी किंमत नाही?

ती आधाराने बसू लागली तेव्हाची गोष्ट. तिच्या मागे फळीवरून पितळी परात खणकन पडली. मांजर पळाले, साळूबाई दचकल्या. संस्कृती मात्र बोटे चोखत राहिली. तिची आई सुरेखा भाकरी थापत होती. तिने ते पाहिले आणि पिठाच्या हातानेच मला उचलले.

"आई, हिला ऐकू येत न्हाई."

"कायबाय बोलू नको!" साळूबाईंनी मला हिसकावून नातीच्या डोळ्यांसमोर वाजवले. संस्कृती हसली. "ऐकतीया की! भागवत बी उशिराच बोलला हुता."

"ती ऐकत न्हाई, बघतीया."

सुरेखाने मला पोरीच्या पाठीमागे नेले आणि जीव खाऊन वाजवले. मान वळली नाही. माझा राग कुठल्या कुठे गेला. मला फार वाईट वाटले.

साळूबाईंचा आवाज खाली आला. "दवाखाना नगं. गावात कळलं तर पोरीला नावं ठेवतील."

"गावाचं तोंड हाय, बोलंल. माझ्या पोरीचं तोंड उघडलं पायजे," सुरेखा म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी एसटीने नगरला निघाली. मी पिशवीत होतोच. डॉक्टरीणबाईंनी बाळाला झोपवून कान तपासले. ऐकू फार कमी येते, पण वेळेत आणलेत, असे त्या म्हणाल्या. बऱ्याच खेपा झाल्यावर दोन्ही कानांना ऐकण्याची छोटी मशिने बसली.

मशीन लावले की झाले, असे मला वाटले होते. तसे होत नाही, मित्रांनो. संस्कृती ते उपटून फेकायची, सुरेखा पुन्हा लावायची. भाकरी थापताना, कपडे धुताना ती पोरीशी बोलत राहायची आणि रोज मला मागून वाजवायची. हळूहळू साळूबाईही दाराआड उभ्या राहून मला वाजवू लागल्या.

अशाच एका दुपारी संस्कृतीची बोटे तोंडातच थांबली. मान सावकाश वळली. साळूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

पहिल्या वाढदिवसाला सुरेखाने आरतीला बोलावले. "वन्सं, नाव परत सांगा. पयल्यांदा तिला कळलंच न्हाई."

आरती मागून वाकली. "कुर्रर्र... संस्कृती!" पोर दचकली आणि तिने जोराचे भोकाड पसरले. आरतीला पुन्हा धपाटे बसले, सगळ्या हसत होत्या, रडत होत्या. बाळाला गप्प करायला त्या दिवशी मला कोणीच उचलले नाही.

तुमच्या घरी बाळ असेल, तर खुळखुळा एकदा मागूनही वाजवा. बाळ वळले नाही तर गुणाचे म्हणून गप्प बसू नका, दवाखान्यात न्या. घरात खुळखुळा नसेल तर वाटी-चमचाही चालेल. मी मानी आहे, पण एवढे कबूल करतो.