बुधवारचा खेळ

ग्लेनिसने केल्विनच्या बशीत वाटाणे वाढले आणि डाव परत पातेल्यात ठेवला, तेवढ्यात तो म्हणाला,

“त्या म्हाताऱ्यानं होडी अशी बांधायला नको होती. भरती आली की दोर तुटणारच.”

“घाईत होता रे तो,” ग्लेनिस म्हणाली. “पोरगी वर कड्यावर उभी. गाठीकडे कुणाचं लक्ष असणार?”



मटणावर घ्यायच्या पुदिन्याच्या सॉसची वाटी केल्विनच्या हातात तशीच राहिली. सकाळी तो क्लबाच्या हिरवळीवर बोल्सचे गोळे घरंगळवायला म्हणून गाडी घेऊन बाहेर पडला होता. ती मैत्रिणीकडे, रोंडाकडे, पडदे शिवायला म्हणून गेली होती. दीपगृहातला म्हातारा आणि बारा वर्षांनी त्याला भेटायला आलेली मुलगी, हा सिनेमा मात्र त्यांच्या पेंग्विन गावात कुठेच लागलेला नव्हता. तो शेजारच्या बर्नीच्या थिएटरात लागला होता, बुधवारी साडेदहाच्या खेळाला.

“किती जण आले होते आज क्लबात?” ग्लेनिसने विचारले.

“रोंडाचे पडदे झाले का शिवून?”

ती खुर्चीवर बसली. त्याने वाटी खाली ठेवली.

“कुठे बसली होतीस?”

“सगळ्यात मागे, दारापाशी. जाहिराती संपल्यावर शिरले. रोंडाला बर्नीत दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, तिनंच सोडलं. येताना बसने आले. आणि तू?”

“चौथी रांग. उजवीकडे, भिंतीला लागून.”

ग्लेनिसचा काटा वाटाण्यांवर थांबला. चौथ्या रांगेत भिंतीपाशी एक माणूस बसलेला तिने पाहिला होता. अंधारात नुसते खांदे दिसत होते. शेवटी शेवटी त्याने दोनदा जोरात नाक शिंकरले, तेव्हा तिला फार वाईट वाटले होते. बायको गेली असणार बिचाऱ्याची, असे तिने ठरवूनच टाकले होते. बसमध्येही तिच्या मनातून तो जात नव्हता.

“तो तू होतास?”

“तो कोण?”

“नाक शिंकरणारा.”

केल्विनने भाजलेल्या भोपळ्याची बशी स्वतःकडे ओढली. “थिएटरात गारठा फार असतो,” तो म्हणाला.

चव्वेचाळीस वर्षे ती दोघे बरोबर सिनेमाला जात होती. परतताना ग्लेनिस गाडीत बोलायची. नटीचे केस, नटाचे दात, गोष्टीत मध्येच विसरला गेलेला तो कुत्रा, सगळ्यावर बोलायची. केल्विन गाडी चालवायचा आणि गाव जवळ आले की म्हणायचा, “बरा होता.” युद्धाचा सिनेमा बरा होता, लग्नाचा बरा होता, ज्यात सगळे मरतात तोही बरा होता. कागदाच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षे काढली होती. त्या यंत्रांच्या आवाजात माणसाची बोलायची सवयच जाते, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती, आणि मैत्रिणींचीही.

“कधीपासून चाललंय हे?” तिने विचारले.

“ईस्टरपासून.”

“म्हणजे सात महिने! सात महिने तू मला बोल्सचे निकाल सांगतोयस!”

“निकाल खरे असायचे. क्लबातल्या बॅरीला फोन करून विचारायचो.” त्याने तिच्याकडे पाहिले. “आणि तुझं कधीपासून?”

आता भोपळ्याची बशी तिने ओढली.

“मार्चपासून.”

“ईस्टरच्या आधीपासून?”

“थोडंसंच आधी.”

केल्विनने सुरी खाली ठेवली. काहीतरी आठवून तो हळूहळू म्हणाला, “थांब. तो घोड्यांचा सिनेमा. आपण बुधवारी गेलो होतो तो.”

“त्याचं काय?”

“तो मी सोमवारीच पाहिला होता.”

ग्लेनिसने तोंडावर हात ठेवला. “मी शनिवारी. रोंडाच्या बहिणीचा वाढदिवस म्हणून गेले होते ना, तेव्हा.”

“पण घोडा पडला तेव्हा तू केवढी दचकलीस! माझा हात धरलास!”

“तुझ्यासाठी दचकले.”

“आणि मी तुला म्हटलं, घाबरू नकोस, उठेल तो.”

“मला वाटलं, याला कसं कळलं!”

ती इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. केल्विन आवाज न करता हसत होता, खांदे हलवत, आणि मध्येच थांबून पुन्हा सुरू होत होता. खिडकीबाहेर अजून लख्ख ऊन होते. समोरच्या रस्त्यापलीकडे समुद्रावरून आलेल्या वाऱ्यात शेजाऱ्यांच्या चादरी फडफडत होत्या.

हसू ओसरले तशी ग्लेनिस काट्याने बशीतला रस्सा उगाच ओढत राहिली.

“मी बरोबर नको असते का रे तुला?”

केल्विन उठला. कुणी चहा मागितला नव्हता, तरी त्याने किटली नळाखाली धरली, भरली, लावली. तिच्याकडे पाठ ठेवूनच तो म्हणाला,

“तू पडद्याकडे बघत नाहीस, ग्लेन. माझ्याकडे बघतेस.”

“तू कंटाळलास का ते बघते. सारखा घड्याळात डोकावत असतोस.”

“कंटाळलेला नसतो मी.”

“मग?”

“रडू यायला लागलं की घड्याळात बघतो. सेकंद मोजले की थांबतं.”

त्या घड्याळापायी ग्लेनिसने किती वर्षे छोटे सिनेमे निवडले होते. लांबलचक, रडके सिनेमे टाळले होते. त्याला कंटाळा येऊ नये म्हणून कानात गोष्ट समजावून सांगितली होती. तिने त्याच्या पाठीकडे पाहिले. सदऱ्याची कॉलर मागे दुमडली होती. ती सरळ करायला ती अर्धवट उठली आणि पुन्हा बसली.

“मलाही एकदा अख्खा सिनेमा बघायचा होता,” ती म्हणाली. “तुझी काळजी न करता. शेजारी कोण बसलंय, त्याला आवडतोय का, काही नको. म्हणून जायला लागले.”

केल्विन वळला. “मग बघितलास आज अख्खा?”

“बघितला. मस्त होता.”

“मस्त कसला! शेवट पार घालवला त्यांनी.”

“शेवट? शेवटच तर चांगला होता!”

“अगं, ती निघून गेल्यावर म्हातारा चहा करतो. दोन कप काढतो, मग एक परत फळीवर ठेवतो. संपलं! तिथेच संपवायचा. पुढे ती बोट, ते संगीत, कशाला?”

“बोटीत ती मागे वळून बघते. नाहीतर मला कळलंच नसतं की ती परत येणार आहे.”

“कळायला कशाला हवं? म्हाताऱ्याला तरी कुठे कळलंय?”

“म्हाताऱ्याला नको कळू दे. मी तिकीट काढलंय!”

तो तावातावाने पुन्हा खुर्चीत बसला. मिठाची बाटली म्हणजे दीपगृह, वाटाण्यांचे पातेले म्हणजे बेट, आणि बोट कुठून दिसेल नि कुठून दिसणार नाही हे तो तिला दाखवू लागला. मटण केव्हाच गार झाले होते. किटली उकळून आपली आपण बंद झाली, तेही कुणाच्या लक्षात आले नाही.

पुढच्या बुधवारी दोघे एकाच गाडीतून बर्नीला गेले. ग्लेनिस गाडी चालवत होती. तिकीट खिडकीत त्या दिवशी तानिया होती, एरवी संध्याकाळच्या खेळांना असणारी. ती यांना गेली दहा-बारा वर्षे ओळखत होती.

“नेहमीसारखी मधली रांग, शेजारी शेजारी?” तिने विचारले.

“एक मागे आणि एक पुढे,” ग्लेनिस म्हणाली.

तानियाची बोटे थांबली. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “सगळं ठीक आहे ना तुमचं?”

“उत्तम आहे,” केल्विन म्हणाला. “पुढे म्हणजे चौथी रांग. भिंतीपाशी.”

त्या दिवशीचा सिनेमा दोन भावांच्या बेकरीचा होता. ग्लेनिस दारापाशी बसली, पायातले बूट काढले आणि पडद्यावर शेवटचे नाव वर सरकून जाईपर्यंत जागची हलली नाही. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगा रिकाम्या झाल्या होत्या.

बाहेर आली तर दाराजवळ केल्विन उभा होता. समोर निळ्या कोटातली एक बाई आणि काठी टेकून उभा असलेला एक गृहस्थ. दोघेही तिच्या ओळखीचे नव्हते, आणि त्याच्याही असण्याची शक्यता नव्हती. केल्विनचे दोन्ही हात हवेत होते.

“छे, छे! धाकटा पळून जाईलच कसा? पहाटे तीनला उठून पाव भाजणारा माणूस तो. पळायचं असतं तर पहिल्याच वर्षी पळाला असता. तुम्ही त्याची बायको बघा, बायको! ती सगळं ओळखून आहे, पण बोलत नाही...”

निळ्या कोटातली बाई मान हलवत होती. काठीवाल्या गृहस्थाला मध्ये काहीतरी बोलायचे होते, पण केल्विन त्याला संधी देत नव्हता.

ग्लेनिस पोस्टरच्या फळीआड थांबली. धाकट्या भावाबद्दल तो साफ चुकत होता. बायकोबद्दल तर फारच. तिने मध्ये तोंड घातले नाही. पेंग्विनपर्यंत वीस मिनिटांचा रस्ता होता. तिने पर्समधून गाडीची किल्ली काढून हातात धरली. आज सावकाश चालवायची, असे तिने ठरवले.