निम्मी ऊब

"अहो, हा बल्ब आहे की काजवा?" मी ओरडले, पण आमच्या ह्यांचं लक्ष कुठं!

खोक्यात साठ अंडी, आणि तो एकोणिसावा दिवस. एकविसाव्याला पिल्लं निघायची. मुंगसानं माझ्या सगळ्या कोंबड्या फस्त केल्या, मागं राहिली ती एवढी अंडीच. बल्बांच्या उबेवर ठेवली होती. बाहेर चार दिवस बोचरं वारं, शेतातली ढेकळं दगडासारखी गार, आणि नेमके आत्ताच बल्ब मलूल झालेले. खोक्यातला पारा सदतीसवरून चौतीसवर आला. माझा जीव नुसता खालीवर होत होता.

वायरमनला बोलावलं. त्यानं आधी सगळं बंद करून मीटर लावला. "दोनशे तीस व्होल्ट. ठणठणीत आहे की वहिनी!" मग बल्ब लावले, तर आकडा धपकन दीडशेवर. "बोजा पडला की बसतंय. जॉइंट ढिला आहे कुठंतरी. तार येते कुठून?"

आता ह्याला काय सांगायचं, कप्पाळ! तीन वर्षांपूर्वी दोघा भावांची वाटणी झाली. खुरपी, घमेली, सगळं निम्मं निम्मं. खांबावरून तारा आल्या दोन. लाल थोरल्याला, म्हणजे आमच्या ह्यांना. काळी धाकट्या दिरांना. मग कळलं, एका तारेवर दिवा लागत नाही. तेव्हा मधल्या भिंतीला भोक पाडून, लालला लाल आणि काळीला काळी जोडून एकमेकांना तार दिली. बोलणं मात्र तेव्हापासून बंद.

वायरमननं मेन बंद केला आणि भोकात डोकावला. "अहो, ह्या तारांना पीळच नाही! नुसता बाक देऊन एकमेकींत अडकवल्यात. जळून काळ्या पडल्यात."

"पीळ मारला असता," हे म्हणाले, "पण कुणाची तार कुणाभोवती गुंडाळायची? मी थोरला. त्यानं गुंडाळावी."

भोकातून दिरांचा आवाज आला, "वायरमन, त्यांना सांगा, माझी तार कुणापुढं वाकणार नाही."

"वाकवलीय की दोघांनी!" वायरमन म्हणाला.

"सारखीच वाकवलीय!" दोघं एकदम ओरडले.

पारा तेहतीस. माझं डोकंच सटकलं. "अंडी गार पडली तर तुम्हा दोघांनाच बसवीन खोक्यात, उबवायला!"

वायरमननं पिशवीतून कनेक्टर काढला. ह्यात कुणी कुणाला गुंडाळायचं नाही, दोन्हीकडून तारा सरळ घालायच्या आणि स्क्रू आवळायचे. दोघांनाही पटलं. पण पहिला स्क्रू कुणाचा? झालं, पुन्हा जुंपली! शेवटी वायरमनकडचे दोन पेचकस घेऊन तिकडून जाऊबाईंनी आणि इकडून मी, एक-दोन-तीन म्हणून एकदम आवळले. मेन चालू केला. दोनशे अठ्ठावीस! बल्ब असे लख्ख पेटले की मला रडूच फुटलं.

तिसऱ्या दिवशी पहिलं कवच तडकलं. लगेच भोकातून आवाज, "वहिनी, त्यांना सांगा, निम्मी पिल्लं माझी. निम्मी ऊब माझ्या तारेची आहे."

मला वाटलं, हे आता भिंतच पाडतील. ह्यांनी मान खाजवली आणि म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. वाटणी म्हणजे वाटणी."

काय बोलायचं अशा माणसांपुढं! म्हटलं, "न्या. पण दोन दिवस पिल्लं उबेतून हलवायची नाहीत. मोजायची तर इथं येऊन मोजा."

दीर आले. तीन वर्षांत पहिल्यांदा आमचा उंबरा ओलांडला त्यांनी. पिल्लं निघाली सत्तेचाळीस. तेवीस इकडं, तेवीस तिकडं, आणि एक उरलं.

आज आठ दिवस झाले, दोघं रोज सकाळी माझ्या दारात बसून त्या एकावरून कडाकडा भांडतात. समोरासमोर, अरे-तुरे करत, लहानपणी भांडायचे तसं. मध्ये वायरमन लागत नाही की मी लागत नाही. परवा तर भांडता भांडता दोघं हसलेसुद्धा.

त्या पिल्लाला मी मूठभर दाणे जास्तच घालते. बाकीचं काही होवो, ते जगलं पाहिजे.