डोळ्यांवरचं टिंब

आमच्या रुग्णालयात मन दाखवायला कुणी येत नाही. सगळे डोळे दाखवायला येतात. पहिल्या मजल्यावरच्या लांब व्हरांड्यात उजवीकडे सोळा नंबर, म्हणजे नेत्र विभाग; डावीकडे सतरा नंबर, मानसोपचार, म्हणजे मी. बाकडी दोघांची सामायिक. माणूस घरी सांगतो "डोळे दाखवून येतो", केस पेपरच्या खिडकीवरही "डोळे" म्हणतो, बाकड्यावर बसतो आणि हाक आली की हळूच डावीकडे वळतो. चौदा वर्षं मी हे चालवून घेतलं. सोळा नंबरवाले डॉक्टर म्हणायचे, "गर्दी माझी, काम तुमचं." मी हसायचे. हसायला नको होतं, हे यंदा कळलं.

झालं असं की रुग्णालय समितीनं खिडकीवरचे आकडे काढले. महिन्याभरात डोळे: एक हजार सहाशेच्या वर. मानसोपचार: त्रेचाळीस. लगेच ठराव आला. सतरा नंबर नेत्र विभागाला द्यावा आणि मानसोपचार गावाबाहेर, बस डेपोच्या मागच्या रिकाम्या इमारतीत हलवावा. "स्वतंत्र आणि शांत जागा", असं त्या कागदात लिहिलं होतं. शांत असणारच, तिथे येणार कोण? त्या वाटेवर दुसरं काहीच नाही. तिकडे वळलेलं माणूस डोळे दाखवायला चाललंय, असं कोण म्हणेल?

मी समितीच्या अध्यक्षबाईंना फोन केला. रोज तीस-पस्तीस माणसं तपासते, म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग तुमची नोंदवही आणा. नावं दिसली की प्रश्नच मिटला."

"आधी तुमच्या घरच्यांची दुखणी फळ्यावर लिहा, मग आणते," असं म्हणून मी फोन आपटला. माझी जीभ अशीच आहे. नोंदवहीच्या कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्ये असते आणि ती तिथेच राहणार होती. पण वही उघडायची नाही म्हटल्यावर माझ्याकडे दाखवायला उरलं काय? त्रेचाळीस.

ठरावामागे समितीतले एक निवृत्त शिक्षक होते. सगळं गाव त्यांना लालपेन सर म्हणतं, कारण आलेली निमंत्रणपत्रिकासुद्धा ते लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवतात. वर्तमानपत्रात त्यांची तीन पत्रं आली. सभ्य कुटुंबांनी रुग्णालयाच्या व्हरांड्यात कुणाच्या शेजारी बसायचं, असा त्यांचा सवाल. मी उत्तर लिहिलं: ज्यांच्या शेजारी बसायला तुम्ही घाबरता, त्यांच्या शेजारी तुम्ही रोज जेवता. चार दिवसांनी ते कात्रण टपालानं परत आलं. समासात लाल शाईत लिहिलं होतं: "मुद्दा चुकीचा. शिवाय दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले." मला इतका संताप आला की त्या दिवशीचा चहा गार झाला. दीर्घ मात्र खरंच चुकले होते.

आणि मला बोलायची सोय नव्हती. कारण सरांच्या पत्नी दोन वर्षं माझ्याकडे येत होत्या.

पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना भाजीत मीठ घातलं की नाही तेही आठवत नव्हतं. धाकटी बहीण गेल्यापासून रडू थांबत नव्हतं, झोप उडाली होती. आता सावरल्या होत्या, हसायला लागल्या होत्या. गोळ्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवायच्या. एकदा त्यांनी जुना केस पेपर माझ्यापुढे धरला. खिडकीवर लिहून मिळालेल्या 'डोळें' या शब्दावरच्या टिंबाला लाल गोल केला होता आणि समासात 'अशुद्ध' असा शेरा मारला होता.

"बघा ना बाई, हे कशालाच सोडत नाहीत," त्या म्हणाल्या. "यांना कळलं ना मी इथे येते, तर कपाळाला हात लावून बसतील. माझं औषध बंद होईल हो."

"माझ्याकडून कळणार नाही," मी म्हटलं.

टिंबाकडे मी लक्ष दिलं नाही. खिडकीवरच्या काकांचं शुद्धलेखन तसलंच, असं मी धरून चालले होते.

जाहीर बैठक सकाळी अकराला नगरवाचनालयाच्या सभागृहात होती. दीडेकशे खुर्च्या, त्याही पुरल्या नाहीत. सरांच्या पत्नी तिसऱ्या रांगेत होत्या. सोळा नंबरवाले डॉक्टर माझ्या शेजारी बसले होते. मागे भिंतीला टेकून खिडकीवाले काका उभे होते. काका चौदा वर्षांत माझ्याशी चौदा वाक्यं बोलले असतील.

आधी मी बोलले. माणसाचं मन बिघडतं तेव्हा आधीच तो चारचौघांतून बाजूला पडलेला असतो, त्याला आणखी बाजूला नेऊन बसवू नका, म्हटलं. हाड मोडलं की त्याच दारातून यायचं, दात दुखला की त्याच दारातून, मग झोप उडाली तर दुसऱ्या दारातून का? टाळ्या पडल्या, पण जेमतेम. अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला. "ते ठीक आहे, डॉक्टर. पण त्रेचाळीस."

मग सर उठले. हातात खिडकीवरच्या रजिस्टरच्या नकलांचा गठ्ठा होता. नावांचा रकाना झाकून काढलेल्या नकला समितीला दिल्या होत्या.

"मी उदाहरण घरचंच देतो," सर म्हणाले. "आमची ही दर महिन्याला डोळे दाखवायला जाते. तासन् तास त्या व्हरांड्यात बसते. तिच्या शेजारी कोण येऊन बसेल याची मला काळजी वाटू नये?"

तिसऱ्या रांगेतली मान खाली गेली. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं. एकच. ते बोलले असते तर ठराव तिथल्या तिथे आडवा झाला असता. मी जीभ चावून गप्प बसले. चौदा वर्षांत इतकं जड काही गिळलं नव्हतं.

सरांची गाडी मात्र शुद्धलेखनावर घसरली. "आणि कारभार बघा! 'डोळे' लिहिता येत नाही यांना. डोळा पुल्लिंगी. जुन्या नियमांनीसुद्धा त्याच्या अनेकवचनावर अनुस्वार नाही. आणि इथे? एका महिन्यात सातशे बेचाळीस वेळा तीच चूक! मी एकेक टिंब लाल केलंय. रात्रीचा दिवस करून मोजलंय."

सभागृह हसलं. मागून आवाज आला, "सर, आकडा परत सांगा."

काका पुढे येत होते. लोक खुर्च्या सरकवून वाट देत होते.

"सातशे बेचाळीस," सर म्हणाले. "का?"

"माझाही तेवढाच येतो," काका म्हणाले. "ती चूक नाही. मी कामाला लागलो त्या वर्षी एका बाईला 'मानसोपचार' लिहून कागद दिला. तिनं वाचला, माझ्यासमोर फाडला आणि निघून गेली. परत आली नाही. तेव्हापासून स्वतः 'मानसोपचार' म्हणतात त्यांना सोडून मी सगळ्यांना डोळेच लिहितो. कुणाचं दुखणं काय ते आवाजावरून कळतं, नाही तर हळूच विचारतो. पण कागद वर आला की शिपायाला कळायला हवं ना कुणाला कुठे पाठवायचं? म्हणून टिंब, कागदावर आणि रजिस्टरातही. टिंब असलं की डावीकडे. सतरा नंबर."

मी उठून उभी राहिले.

"तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत?" माझ्या तोंडून निघालं.

"तुम्ही नियमवाल्या. ओरडला असतात."

ओरडलेच असते. आता मात्र मला रडू आलं, भरसभेत, आणि मी ते लपवलं नाही. सातशे बेचाळीस! ज्या आडोशानं माझी माणसं माझ्यापर्यंत आली, त्याच आडोशानं मला पार झाकून टाकलं होतं. आणि तो उचलला कुणी? ज्यांना मला गावाबाहेर पाठवायचं होतं त्यांनीच, लाल शाईत, एकेक टिंब मोजून.

आनंद पुरता होण्याआधीच धोका लक्षात आला. आता घरोघरी कागद काढून बघतील. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी हातातला गठ्ठा टेबलावर पालथा ठेवला. ते समोर बघत नव्हते. त्यांना आपलाच एक लाल गोल आठवला होता, हे त्या सभागृहात तिघांनाच कळलं: त्यांना, मला आणि तिसऱ्या रांगेत मान वर करून ताठ बसलेल्या त्यांच्या पत्नीला.

मला वाटलं, आता हा माणूस फुटेल, नाही तर गुरगुरेल. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, टेबलावरचा ठराव पुढे ओढला आणि त्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ मारली.

"तपासणाऱ्याची चूक," ते म्हणाले. "मी ठराव मागे घेतो. नेत्र विभागाला जागा हवी असेल तर दुसरी शोधू, सतरा नंबरला हात लावायचा नाही."

"आम्हाला कसली जागा?" सोळा नंबरवाले डॉक्टर उठून म्हणाले. "माझी निम्मी गर्दी तर यांचीच निघाली!"

मग हसू फुटलं आणि टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात. अध्यक्षबाईंनी समितीच्या सदस्यांना हात वर करायला सांगितले. नऊच्या नऊ वर गेले. सतरा नंबर जागेवर राहिला, शिवाय शेजारची सामानाची खोलीही मिळाली. काकांना मी मिठीच मारली. ते म्हणाले, "तुमचा कोट खराब होईल, शाई आहे हाताला."

सगळंच गोड झालं नाही. पुढच्या आठवड्यात तिघं आले नाहीत. मी स्वतः फोन केले. दोघं आले, एक अजून यायचा आहे. काकांनी टिंब बंद केलं. आता ते विचारतात, "काय लिहू?" आणि माणूस म्हणेल ते लिहितात.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी खिडकीपाशी उभी होते. रांगेत सर होते, शेजारी त्यांच्या पत्नी. काकांनी पेन उचललं. "काय लिहू?"

"मानसोपचार," त्या म्हणाल्या. चांगल्या खणखणीत आवाजात. मागची रांग ऐकत होती. "आणि नीट लिहा हं. हे तपासतात."

आत आल्यावर त्यांनी तो जुना केस पेपर माझ्या टेबलावर ठेवला. सर दाराशीच थांबले होते, चपलांकडे बघत. 'अशुद्ध' या शब्दावर लाल काट मारली होती आणि खाली त्याच वळणदार अक्षरात, तारीख आणि सहीसकट लिहिलं होतं: "शुद्ध."