धरतं, सोडतं

"बाई, तुमचा फोन मघापासून वाजतोय," मॅडम म्हणाल्या.

तिनं नुकताच काचपट्टीवर टाऊ या प्रथिनाचा थेंब सोडला होता. मेंदूतल्या मज्जापेशींवर संशोधन करणाऱ्या मॅडमच्या प्रयोगशाळेत ती टेक्निशियन होती. एका हातानं तिनं फोन उचलला. शेजारीण होती.

"अहो, तुमचं दार सताड उघडं आहे. तुमचे मिस्टर घरात नाहीत."

ती हातमोजे ओढून काढतच उठली.

"आणि नमुना?" मॅडमनी विचारलं.

"आज तुम्ही मोजा. गार तेवढा होऊ देऊ नका, नाहीतर त्यातल्या सूक्ष्म नळ्या विरघळतील."

नवऱ्याची उभी हयात लिफ्ट दुरुस्त करण्यात गेली होती. वर्षभरापासून तो विसरत होता. डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं, तेव्हा तिला काही विचारावं लागलं नाही. तेच नाव ती रोज नमुन्यांच्या डब्यांवर लिहीत होती. नवऱ्याला मात्र "वयानं होतं हो" एवढंच सांगून तिनं वेळ मारून नेली होती.

बाग, न्हावी, बसथांबा, सगळीकडे ती धावतपळत बघून आली. मग आठवली ती जुनी ऑफिसांची इमारत, जिथली लिफ्ट तो वर्षानुवर्षं दुरुस्त करायचा. तिथल्या लिफ्टपुढे तो हात पसरून उभा होता. लोक कुरकुरत होते, वॉचमननं त्याचं कोपर धरलं होतं.

"कुणी चढायचं नाही! दोर बघायचाय अजून!"

"बाई, हे तुमचे का?" वॉचमन म्हणाला. "डोकं फिरलंय यांचं. लिफ्ट नवीकोरी आहे."

"आधी हात काढा," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "अहो, चला."

"तू कशी इथे?" तो गोंधळला.

टॅक्सीत त्याची बोटं गुडघ्यावर सारखी नाचत होती. "घरी नको गं. चार भिंतींत जीव घुसमटतो." तिनं टॅक्सी प्रयोगशाळेकडे वळवायला सांगितली.

मॅडमचं मोजून झालं होतं. त्यांनी काही न विचारता खुर्ची पुढे केली आणि त्या बाहेर गेल्या. तो बसला नाही. सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यासमोर येरझाऱ्या घालत म्हणाला, "हे काय आहे?"

काळ्या पडद्यावर तांबड्या रेघा होत्या, त्यांवर हिरवे ठिपके लुकलुकत होते.

"रेघा म्हणजे नळ्या. मज्जापेशीत यांच्यावरून माल जातो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हिरवं ते टाऊ. ते नळीला धरतं, सोडतं, परत धरतं. त्यानं नळ्या टिकतात."

"घट्ट का नाही धरून बसत?"

"बसलं तर मालाची वाट अडेल. त्याचं काम असंच, येऊन-जाऊन."

तो थांबला. "आणि बिघडतं कसं?"

तिनं खुर्चीची पाठ पकडली. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं. "त्याच्यावर फॉस्फेट चिकटत जातं, फार. मग त्याची नळीवरची पकड सुटते. सुटलेलं टाऊ एकमेकांतच अडकतं, गुंता होतो. पेशी मरते."

"माझं तेच झालंय?"

"हो."

"तुला कधीपासून माहीत?"

"पहिल्या दिवसापासून."

त्यानं पडद्यावरच्या एका रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "दुरुस्त करता येतं का गं?"

"अजून नाही. खूप जण खपतायत."

"तूही त्यातलीच." तो खुर्चीत टेकला. पाय मात्र हलतच होता. तिनं सवयीनं सूक्ष्मदर्शकाच्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला. दिवा सुरू ठेवला की नमुन्यातले चमकणारे रंग उडतात. कुणी विसरलं तर ती ओरडायची.

"राहू दे ना," तो म्हणाला. "जरा बघू दे."

तिनं हात मागे घेतला आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसली. हिरवे ठिपके हळूहळू मंद होत गेले. मग तांबड्या रेघाही. पडदा पुरता काळा होईपर्यंत दोघं बघत राहिले.